ताकदीची सुई

बुधवार हा बाळांच्या वजनाचा दिवस, आणि त्या दिवशी सासूबाईंची गडबड काय वर्णावी! सकाळपासून त्यांचं एकच चाललेलं. नातवाची टोपी कुठे, दुपटं कुठे, बाटलीत पाणी भरलं का, आणि सूनबाईंचं आवरलं का.

"अगं ऊठ की आता! तिकडे रांग लागली असेल. तुझं आपलं काज आणि काज. तो शिंपी काही तुझ्यावाचून उघडा फिरत नाही."

"आले, आई. एवढं एक संपवते. दोरा मध्येच सोडला तर उसवतं."

"तोंडाला उत्तर तयारच," सासूबाई म्हणाल्या आणि नातवाला खांद्यावर टाकून दारात जाऊन उभ्या राहिल्या.

सूनबाई कोटांची काजं हातानं करायची. बाजारातला शिंपी गठ्ठा पाठवायचा आणि ही खिडकीपाशी बसून एकेक काज असं घालायची की उलटसुलट कळू नये. गल्लीत लहानथोर सगळे तिला वहिनी म्हणत. नवरा बसच्या कारखान्यात मेकॅनिक. चार मुलं, त्यातलं शेवटचं सहा महिन्यांचं. आणि एक सासू, जी दिवसभर सुनेवर ओरडायची आणि रात्री स्वतःच्या ताटातलं तिच्या ताटात सरकवायची. अशा सासवा असतात. त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही, कारण त्यांच्यावर रागही धरता येत नाही आणि त्यांच्यापुढे खरंही बोलता येत नाही.

सरकारी दवाखाना गल्लीच्या टोकाला. दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत लांबलचक बाक आणि कंपाउंडरची खिडकी, आतल्या खोलीत वजनकाटा, टेबल आणि एक हिरवा पडदा. बाहेरच्या भिंतीवर सरकारनं ठळक अक्षरात रंगवलं होतं की मूल केव्हा हवं आणि किती हवीत हे तुम्ही ठरवा, गोळ्या आणि सुया मोफत मिळतील, खिडकीवर मागा. वा! मोठी सोय! आता तुम्हीच सांगा, ज्या खिडकीसमोरच्या बाकावर सख्खी सासू, चुलत सासू, शेजारीण आणि शेजारणीची जाऊ मांडीला मांडी लावून बसल्यात, त्या खिडकीवर जाऊन कुठली बाई म्हणेल की मला मूल नको आहे? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे कोण सांगणार? बरं, बाईनं एकटीनं दवाखान्यात जायची पद्धत नाही. जायचं ते सासूला घेऊन, नाहीतर नणंदेला. म्हणजे औषधं कपाटात, आणि कपाटाची किल्ली कंपाउंडरच्या कमरेला नव्हे, तर बाकावर बसलेल्या बायांच्या नजरेत.

वहिनीला त्या औषधाची गरज हौसेची नव्हती. शेवटच्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं की मोठ्या इस्पितळात नेईतो तिचे ओठ पांढरे पडले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, "पुन्हा दिवस गेले तर ही वाचणार नाही. ऑपरेशन करून टाका. सही करता?"

नवरा म्हणाला, "घरी विचारून सांगतो."

माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, मारझोड नाही, पगार झाला की सरळ घरी. पण घरात मोठे काका होते, म्हणजे त्याचे चुलते. ते शेजारच्याच घरात राहायचे, आणि त्यांच्यापुढे ह्याची जीभ टाळ्याला चिकटायची. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देणाऱ्याचा हात धरू नये. आपल्या घरात असलं काही झालेलं नाही आणि होणार नाही." झालं. सहीचा विषय तिथेच संपला. देणारा देतो ते ठीक आहे, पण नेतो कोणाला, हे काकांना कुणी विचारलं नाही.

मग दवाखान्यातल्या सिस्टरनं वाट काढली. सिस्टर मोठी खमकी बाई. पहिल्या वजनाच्या दिवशी वहिनीला पडद्याआड घेतलं, बाळ काट्यावर ठेवलं, आणि बाळ रडत असतानाच तिच्या कानाशी लागून म्हणाली, "तुझा कागद मोठ्या इस्पितळातून आलाय. मी सुई देते. तीन महिने काळजी नाही. घेतेस?"

वहिनीनं पदर बाजूला करून दंड पुढे केला. 

पडद्याबाहेर सासूबाईंनी विचारलंच, "सुनेला कसली सुई दिलीत हो?"

"ताकदीची, आजी. रक्त किती गेलंय पोरीचं!"

"द्या बाई द्या, अजून दोन द्या!" सासूबाई खूष झाल्या.

तेव्हापासून त्या सुईचं नावच पडलं ताकदीची सुई. ज्या बाईला हवी ती पडद्याशी जाऊन एवढंच म्हणायची, "सिस्टर, ताकदीची द्या." आणि सिस्टरनं तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की हे शब्द ऐकले की पुढे काही विचारायचं नाही. किती मुलं, पाळी कधी आली, नवरा काय म्हणतो, काही नाही. विचारलं की उत्तर द्यावं लागतं, आणि भिंतीलाही कान असतात, मग पडद्याला नसतील का? खोटं होतं, पण त्या खोट्याच्या आधारावर गल्लीतल्या कितीतरी बाया जिवंत होत्या.

त्या बुधवारीही तसंच झालं. बाळाचं वजन वाढलं होतं, वहिनीला सुई मिळाली, सासूबाईंनी बाकावर बसून शेजारणीला सुनेच्या तब्येतीची कहाणी ऐकवली. "बघ ना, गाल कसे भरलेत! नुसती काडी झाली होती. त्या सुईनं जादू केली बघ." शेजारीण 'हो ना' म्हणाली आणि खाली बघून हसली. तिची स्वतःची सूनही आत पडद्यामागेच होती.

आता ह्या घराचा आणखी एक जीव होता, त्याच्याविषयी सांगायला हवं. सासूबाईंची लेक. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी माहेरी तिला सगळे छकू म्हणत. छकूला मूल होत नव्हतं. दोन वर्षं म्हणजे काही फार नव्हे, पण तिच्या सासूच्या, म्हणजे विहीणबाईंच्या मते दोन महिनेही फार होते. येताजाता टोमणे. झाड लावलं तर ते फळ देतं, इथे नुसती पानं. शेवटी तर त्या उघडच म्हणाल्या, "हे वर्ष बघते. नाहीतर माझ्या मुलाला मुली कमी नाहीत."

छकू माहेरी आली ती अशी वाळून, की ओळखू येईना. आली आणि वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आईपुढे नाही रडली, वहिनीपुढे रडली. वहिनी लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा छकू फ्रॉकात होती. तिच्या वेण्या वहिनीनं घातल्या, तिला शिवण वहिनीनं शिकवलं, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा घाबरून ती वहिनीच्याच मागे लपली होती.

"होईल गं," वहिनी म्हणाली. "अंगात काही नाही तुझ्या. खा, पी, दोन दिवस झोप काढ."

सासूबाईंनी हे ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईची माया, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी वहिनी कोट द्यायला शिंप्याकडे गेली होती, तेवढ्यात त्यांनी लेकीचा हात धरला आणि थेट दवाखाना गाठला. नेमकी सिस्टर त्या आठवड्यात शिबिराला गेलेली. तिच्या जागी बदलीवर आलेली एक पोरगी होती, नवखी आणि घाबरलेली.

"माझ्या लेकीला ताकदीची सुई द्या," सासूबाई म्हणाल्या.

बदलीवालीनं छकूकडे पाहिलं. वाळलेली, डोळे खोल गेलेले. तिला वाटलं, बिचारीला चार-पाच पोरं असणार. विचारायचं नाही हे तिला पढवलेलं होतंच. शिकवलेलं तिनं चोख पाळलं. पडद्याआड नेलं आणि सुई दिली.

वहिनी घरी आली तेव्हा छकू दंड चोळत बसली होती.

"काय झालं गं दंडाला?"

"तुझी सुई घेतली, वहिनी! आई म्हणाली, तुझ्यासारखी ठणठणीत होईन. ताकद आली की बाकीचंही होईल."

 वहिनी तशीच उंबऱ्यावर बसली. सासूबाई आतून म्हणाल्या, "बघ, मला कुणी अडाणी म्हणू नका. जे तुम्हा कुणाला सुचलं नाही ते मला सुचलं."

बाळाच्या खोकल्याचं निमित्त करून वहिनीनं पुढच्या आठवड्यात सिस्टरला गाठलं. ऐकता ऐकता सिस्टर खुर्चीवर बसली आणि तिनं कपाळ दोन्ही हातांनी धरलं.

"विषारी नाही काही," ती म्हणाली. "उतरेल तिचा असर. कुणाला लवकर, कुणाला वर्षही लागतं. पण तिला दुसरी घेऊ देऊ नकोस, काहीही कर."

"खरं सांगून टाकू का?"

सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस तर तुझी बंद होईल. तुझी एकटीचीच नाही. ह्या पडद्यामागे कोण कोण येतं ते तुला माहीत आहे. आणि तुझं काय होईल तेही माहीत आहे."

माहीत होतं. वहिनी घरी आली आणि गप्प बसली. काय चुकलं तिचं? तुम्ही असता तर काय केलं असतं? जीव तिचा, चार पोरं तिची. असर उतरेल, छकूला पुढे मूल होईल, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहील, असा तिनं मनाशी हिशेब मांडला. दरम्यान छकू सासरी परत गेली.

आणि मग ते झालं. त्या सुईनं कुणाकुणाची पाळी थांबते. वहिनीचीही थांबली होती, पण तिचं बाळ अंगावर पीत असल्यानं घरात कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. छकूची थांबली. एक महिना गेला, दुसरा गेला, आणि एका दुपारी विहीणबाई स्वतः साखरेची पुडी घेऊन दारात हजर! ज्या बाईनं दोन वर्षांत छकूच्या माहेरचं पाणी गोड म्हटलं नव्हतं, ती सासूबाईंच्या गळ्यात पडली.

"गोड करा तोंड! आजी होणार आपण!"

सासूबाई आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदमच. समोर येईल त्याच्या तोंडात साखर कोंबायला लागल्या. नवरा कामावरून आला, त्याच्या काळ्या तेलकट हातावरही साखर. वहिनीच्या तोंडात साखर घालून त्या म्हणाल्या, "तुझी सुई गं बाई! तुझ्या सुईनं माझ्या लेकीचं घर वाचवलं." वहिनीनं ती साखर गालातच ठेवली.

"डॉक्टरला दाखवलंत का?" तिनं हळूच विचारलं.

"दाखवायचं काय त्यात?" विहीणबाई म्हणाल्या. "मी आठ बाळंतपणं केली, एकदा डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. उगाच चारचौघांत गवगवा नको."

छकू विश्रांतीला म्हणून माहेरी आली. सासरी आता तिला कुणी बादली उचलू देत नव्हतं. सासू तिला 'पोरी' म्हणत होती. आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुणीतरी आहोत असं तिला वाटत होतं, आणि ते तिच्या चालण्याबोलण्यात दिसत होतं. वहिनीचा हात ओढून ती स्वतःच्या पोटावर ठेवायची. "सांग ना गं, हलतंय का? तुला कळेल. तुझी चार झालीत." वहिनी हात काढून घ्यायची आणि म्हणायची, "इतक्यात नाही गं कळत." इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर आपलं मरण, न बोलावं तर हिची रोज वाढत जाणारी आशा. आणि आशेबरोबर पोट वाढत नाही हे एक दिवस विहीणबाईंच्या लक्षात येणारच होतं. मग त्या छकूला खोटारडी म्हणणार, वांझ म्हणणार, आणि ती बापडी कारणही न कळता रस्त्यावर येणार.

तीन महिने भरत आले. एके सकाळी सासूबाई म्हणाल्या, "छकू, चप्पल घाल. दुसरी ताकदीची सुई घेऊन येऊ. आता तर तुम्हा दोघांना ताकद हवी."

वहिनीच्या हातातला कोट खाली पडला.

"नको, आई. तिला नको ती सुई."

"का? तू घेतेस ती चालते, आणि माझ्या लेकीलाच नको?"

"गरोदरपणी घ्यायची नसते."

"तुला कुणी सांगितलं? तू डॉक्टरीण का?" सासूबाई हसल्या आणि पिशवी शोधायला आत गेल्या.

वहिनीनं छकूला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. तिनं सगळं सांगितलं. सुई कसली, ती स्वतः का घेते, पाळी का थांबली. बोलताना तिनं छकूचे दोन्ही हात धरून ठेवले होते. "तुला मूल होणार आहे, छकू. खरंच होईल. पण आत्ता नाही आहे. आणि आज ती सुई घेतलीस तर आणखी लांबेल."

छकूनं हात सोडवून घेतले. ती वहिनीकडे बघत राहिली, आणि मग तिनं खाडकन वहिनीच्या तोंडात मारली.

"जळतेस! मला होतंय ते बघवत नाही तुला! खोटं बोलतेस!" आणि मग एकदम ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पोट धरून अशी रडली की ऐकवत नव्हतं. कारण तिला कळलं होतं. वहिनी तिच्याशी आजवर कधीच खोटं बोलली नव्हती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. पिशवी त्यांच्या हातात होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी बाहेर बाकावर बसायचे," त्या म्हणाल्या. "तुझं पोर मांडीवर घेऊन. साऱ्या जगाला सांगत बसायचे, माझ्या सुनेचे गाल भरले. आणि तू आत..." त्यांनी हातातली पिशवी खाली टाकली. मग म्हणाल्या, "मला सांगायचं होतंस. मी काय परकी होते?"

"सांगितलं असतं तर नेलं असतंत मला?" वहिनीनं विचारलं.

 ह्या प्रश्नाचं खरं उत्तर सासूबाईंना माहीत होतं, आणि म्हणूनच त्या दिवशी त्यांनी ते दिलं नाही.

पुढचं सांगायला कितीसा वेळ लागतो? छकूच्या हंबरड्याबरोबर सुईची गोष्ट शेजारी गेली, शेजारून काकांकडे, काकांकडून सगळ्या बाजारात. 'सरकारी दवाखान्यात आपल्या लेकींना फसवून वांझ करतात!' म्हणून पुरुषांचा जमाव गेला. त्यात असे कितीतरी होते ज्यांच्या बायका त्या पडद्याच्या जिवावर धडधाकट होत्या. त्यांनी हिरवा पडदा ओढून काढला आणि रस्त्यात पेटवला. छकूला न विचारता सुई दिली गेली ही चूक खरीच होती, त्याबद्दल कुणी भांडलं असतं तर ठीक होतं. पण चूक राहिली बाजूलाच. भांडण झालं ते बायांनी स्वतः मागून घेतलेल्या सुयांबद्दल. सिस्टरची बदली झाली. जाताना तिला निरोप द्यायला कुणी आलं नाही.

सरकारनं काय केलं? सरकारनं काही बंद केलं नाही हं! उगाच नावं ठेवू नयेत. सरकारनं फक्त नवा नियम केला, की फसवणुकीला जागा नको म्हणून ज्या बाईला हवं असेल तिनं नवऱ्याला घेऊन यावं आणि उघड खिडकीवर, नाव घेऊन मागावं.

वहिनीशी गल्ली बोलेनाशी झाली. काकांच्या धाकानं बोलत नव्हते ते वेगळेच, पण पडद्यामागे जाणाऱ्या बायाही तिला पाहून दार लावून घ्यायच्या. एकदा नळावर शेजारणीची सून दातओठ खात म्हणाली, "एका नणंदेसाठी आम्हा सगळ्यांना बुडवलंस." वहिनीनं आपली कळशी उचलली. तिला पटत होतं ते.

एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, चला माझ्याबरोबर. खिडकीवर. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. मागेन मी."

त्यानं मान खाली घातली. "काका..."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुम्ही तुमच्या कानांनी ऐकलंय. मी मेले तर काका येणार आहेत का पोरांना न्हाऊ घालायला?"

तो उठला. खरंच उठला बिचारा. शर्ट बदलला, चप्पल घातली, आणि तिच्या पुढे चार पावलं चालत निघाला. वहिनीला वाटलं, आज आपण जगलो. गल्लीच्या वळणावर चहाची टपरी होती. तिथे त्याच्या कारखान्यातले दोघं आणि काकांचा मुलगा चहा पीत उभे होते. एकानं हाक मारली, "काय रे, आज जोडीनं कुठे?" नुसतं एवढंच. तो थांबला. त्याचे कान लाल झाले. "कुठे नाही, भाजी आणायला," तो म्हणाला आणि मागे वळून बायकोला हळूच म्हणाला, "उद्या जाऊ. उद्या नक्की."

असे पुष्कळ उद्या गेले. घरात दोन खोल्या, एक अंथरूण, आणि नवऱ्याला नाही म्हणायची तिला कुणी कधी परवानगी दिली नव्हती. तिनं नाही म्हणून पाहिलंही. त्याला वाईट वाटलं. "तूही माझ्यावर रागावलीस?" असं तो म्हणाला आणि तिला त्याची दया आली. त्या दयेपायी तिला दिवस गेले.

इकडे सासरी परत गेलेल्या छकूच्या अंगातला सुईचा असर उतरला. विहीणबाईंनी दुसरी सून आणायची बोलणी सुरू केली होती, तेवढ्यात छकूलाही दिवस गेले, आणि ह्या वेळी खरंच. ती बाळंतपणाला माहेरी आली आणि सासूबाईंच्या घरात दोन गरोदर बाया झाल्या. सासूबाई दोघींच्याही पायांना सारखंच तेल लावायच्या. लेकीला लावताना बडबडायच्या, सुनेला लावताना एक अक्षर बोलायच्या नाहीत, फक्त फार वेळ लावत बसायच्या.

वहिनीनं शेवटपर्यंत काजं केली. मोठ्या मुलीला शेजारी बसवून दोऱ्याला गाठ कशी मारायची, भाताला पाणी किती, धाकट्याच्या अंगात ताप आला तर काय, सगळं सांगत राहायची. मुलगी कंटाळून म्हणायची, "आई, एवढं का सांगतेस? तू आहेस ना?"

आठव्या महिन्यात, भर दुपारी, तिला रक्त जायला लागलं. मोठ्या इस्पितळात नेलं. तीच डॉक्टरीणबाई होती. तिनं नवऱ्याला ओळखलं आणि तशीच आत निघून गेली. संध्याकाळी बाहेर आली तेव्हा तिला सांगायला फार काही नव्हतं. बाळही गेलं होतं. नवरा इस्पितळाच्या फरशीवर बसून डोकं भिंतीवर आपटत होता. काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तिचं आयुष्यच तेवढं होतं." आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

छकूचं बाळंतपण दीड महिन्यानं झालं. मुलगा झाला. पण तीही फार हाल होऊन सुटली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की दोन-तीन वर्षं दुसरं नको, नाहीतर हिचीही गत वहिनीसारखीच होईल. विहीणबाई मात्र नातवाला हातात घेऊन म्हणाल्या, "आता लगेच ह्याला भाऊ येऊ दे."

त्यानंतरच्या बुधवारी सासूबाई दवाखान्यात आल्या. बरोबर छकू, आणि छकूच्या हातात तिचं बाळ. बाक बायांनी गच्च भरला होता. छकू कशीबशी टोकाला टेकली, सासूबाई बसल्या नाहीत. सरळ खिडकीपाशी गेल्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मूल न होण्याची सुई द्या."

 कंपाउंडर गडबडला. "आजी, हळू बोला."

"का हळू? हळू बोलून बोलून माझी सून गेली. माझ्या ओरडण्याला भिऊन ती माझ्याशी खरं बोलली नाही. मी तिला विचारायला हवं होतं, आणि मी बाहेर बसून तिचे गाल मोजत होते." त्यांनी खिडकीच्या फळीवर हात आपटला. "सुई द्या म्हणते ना!"

"साठाच नाही, आजी," कंपाउंडर म्हणाला, आणि त्यालाही लाज वाटत असावी, कारण तो त्यांच्याकडे बघत नव्हता. "इतके महिने इथे कुणीच मागायला आलं नाही. वरून विचारणा झाली, मागणी आहे का. आम्ही कळवलं, नाही. त्यांनी सगळं परत नेलं. आता पुन्हा मागवायचं तर कुणीतरी मागणारं हवं."

"मी मागतेय की!"

"तुमच्या वयाला काय करायचीय? ज्या बाईला हवी तिनं स्वतः मागायची. नवरा साठा आल्यावर आला तरी चालेल."

"एवढंच ना?" सासूबाई वळल्या. त्यांनी बाकावर नजर फिरवली. शेजारणीची सून होती, पुन्हा पोट पुढे आलेलं. पलीकडे आणखी कितीतरी ओळखीचे चेहरे होते, एके काळी पडद्यामागे जाऊन आलेले. "बोला गं. कुणीतरी बोला. नुसतं हो म्हणा."

बाया आपापल्या बाळांच्या टोप्या सारख्या करायला लागल्या.

"बरं, तुम्ही राहा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी लेकीच्या दंडाला धरलं. "छकू, तू ऊठ. तुला डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? ये इकडे. ह्या खिडकीवर ये आणि माग. तुझ्यासाठी वहिनीनं जीव दिलाय, बाळा. तू माग."

छकू उठली नाही. तिची मान खाली गेली होती. तिनं बाळाला घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं आईचा पदर ओढला.

"घरी चल, आई," ती पुटपुटली. "लोक बघतायत."